चर्चा धागा: मालदीवची तहान समुद्र भागवणार, की बेटाखालची विहीर?

भरतीरेषा
४ डिसेंबर २०१४ ला मालदीवच्या राजधानीत, मालेत, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि लाखाहून जास्त वस्तीचं शहर बघता बघता कोरडं पडलं. आपली विमानं बाटल्या घेऊन गेली, नौदलाची ‘सुकन्या’ पोचली, मागोमाग मुंबईहून ‘दीपक’ निघालं. ‘ऑपरेशन नीर’चा अभिमान मलाही आहे. पण जिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे पाणी विमानाने का न्यावं लागलं?

माझ्या मते, बेटाच्या पोटातलं गोडं पाणी घालवलं म्हणून. पोवळ्याच्या सच्छिद्र जमिनीत मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण तो हलका असतो. घरोघरच्या विहिरी त्यावरच चालायच्या. मालेत उपसा वाढला, मैला झिरपला आणि विहिरी बाद झाल्या. आता लहान बेटांवरही भुयारी गटार आणि समुद्राचं पाणी गोडं करणारी आरओ यंत्रं चालली आहेत. मला क्रम उलटा हवा: आधी पागोळीचं पाणी, मग विहीर, यंत्र शेवटी.

नळजोडणी
पाणीपुरवठ्यात नोकरी केली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: असहमत.

१९७८ साली मालेत पटकीची साथ आली, माणसं मेली. जुन्या घरांमागे गिफिली असायची, म्हणजे उघडं न्हाणीघर. विहीर तिथेच आणि शौचाची जागाही त्याच आवारात. पाणी हाताशी लागतं अशा वाळूत मैला विहिरीत उतरायला किती वेळ लागणार? ऐंशीच्या दशकात मालेत गटारं आली, समुद्राचं पाणी गोडं करायला सुरुवात झाली, ती हौस म्हणून नाही. २००८ च्या राज्यघटनेत तर कलम २३ मध्ये प्रत्येक वस्तीच्या बेटावर मलनिस्सारणाची पुरेशी सोय हा नागरिकांचा हक्क म्हणून लिहिला आहे. हे मला फार मोठं वाटतं. मूल जुलाबाने गेलं की त्या आईला विहिरीचा महिमा सांगता येत नाही.

भरतीरेषा
विहिरीचं पाणी तसंच प्या असं मी म्हटलेलंच नाही. माझा मुद्दा गटाराच्या दुसऱ्या टोकाचा आहे. बऱ्याच बेटांवर फ्लशला आणि धुण्याला विहिरीचंच पाणी वापरतात. शोषखड्डा होता तेव्हा ते घाण होऊन का होईना, जमिनीत परत जायचं. गटार आलं की तेच पाणी नळीतून समुद्रात. उपसा तेवढाच, भरणा कमी. मग खारं पाणी वर सरकतं. माड, ब्रेडफ्रूट, परसातला भाजीपाला, सगळ्यांना तेच पाणी लागतं. आणि नळीच्या तोंडाशी काय होतं? माले शहराचा मैला वर्षानुवर्षं प्रक्रिया न करता समुद्रात सोडला गेला. त्यातल्या नत्राने शेवाळ माजतं आणि पोवळं गुदमरतं. लाटा अडवतं ते पोवळं, बेटाची वाळू होते तीही त्याचीच.

माडबन
वेंगुर्ल्याकडचा आहे. आमच्या वाडीत किनाऱ्याजवळच्या विहिरीवर पंप बसला आणि तीन उन्हाळ्यांत पाणी मचूळ झालं. रहाटाने काढत होतो तोवर तीच विहीर मे महिन्यातही गोडी होती. त्यामुळे उपशाचं म्हणणं पटतं.

पण २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी विसरू नका. लाट बेटांवरून गेली आणि विहिरी एका सकाळीत खारट झाल्या. समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंचीच्या जमिनीवर निव्वळ विहिरीच्या भरवशावर मी माझी माणसं ठेवणार नाही. त्यानंतर घरोघर पावसाच्या टाक्या आल्या, ते योग्यच झालं.

नळजोडणी
टाक्याही पुरत नाहीत, तेच सांगतोय. जानेवारी ते मार्च-एप्रिल कोरडे. टाकी संपली की होडीने पाणी मागवायचं आणि वाट बघायची. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या कर्जसाहाय्यातून २८ बेटांवर पाणी आणि मलनिस्सारणाची कामं पूर्ण होऊन सुपूर्द झाली. तिथल्या बाईला विचारा, नळ नको का?

समुद्रात कच्चा मैला सोडण्याचं समर्थन मात्र करणार नाही. प्रक्रिया केंद्राशिवाय गटार म्हणजे अर्धं काम. आणि एक घनमीटर समुद्राचं पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज लागते, ती तिथे बहुतांशी डिझेलवर. तेलाचं जहाज अडकलं तर नळही अडकला, हे मान्य.

भरतीरेषा
मग एवढं तरी मान्य कराल का? प्रत्येक बेटावर दोन-चार विहिरी राखून दर महिन्याला खारेपणा मोजायचा, आणि प्रक्रिया केलेलं पाणी समुद्राऐवजी जमिनीत मुरवायचं.

नळजोडणी
मोजणं उद्यापासून सुरू करा, त्याला खर्चही फार नाही. मुरवण्याचं मात्र प्रक्रियेचा दर्जा रोज तपासणारा माणूस त्या बेटावर असेल तरच. पाचशे वस्तीच्या बेटावर तो कुठून आणणार, ते सांगा.