वणवा पसरण्याचा वेग मोजण्यासाठी कोणती उपकरणे वापरावीत?

माळरान_पुणे (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. फेब्रुवारी उलटला की सिंहगड परिसरातील आणि शहराभोवतालच्या टेकड्यांवरील वाळलेल्या गवताला वणवे लागतात, पण ते किती वेगाने पसरतात याचे प्रत्यक्ष मोजमाप आमच्या विद्यार्थ्यांना कधीच करता आलेले नाही. वन विभाग जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढतो तेव्हा रीतसर परवानगी घेऊन, त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, हे मोजमाप करावे असा विचार आहे. त्यासाठी उपग्रहाची माहिती पुरेल का? की एका रेषेत थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचे तापमान-संवेदक) रोवून अंतराला वेळेने भागावे?

तापमापन

उपग्रहाची माहिती या कामासाठी पुरणार नाही. उपग्रहावरील व्हीआयआयआरएस या संवेदकाच्या चित्रातला एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, मोडिसचा तर एक किलोमीटरचा, आणि असा उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो. टेकडीवरचे गवत तास-दोन तासांत जळून जाते. आग कुठे लागली हे कळवण्यासाठी ही माहिती मोलाची आहे आणि डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था तिच्याच आधारे इशारे पाठवते, पण तेवढ्यावरून वेग काढता येत नाही.

थर्मोकपल योग्यच आहेत, मात्र ते एका रेषेत लावू नका. वेग मोजणारे असे एखादे स्वतंत्र यंत्र नसते. आग ठरावीक जागी कोणत्या क्षणी पोहोचली एवढेच आपण नोंदवतो. आगीची आघाडी, म्हणजे तिची पुढची पेटती कड, तुमच्या रेषेवर सरळ न येता तिरपी आली, तर वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि पुढे सरकण्याची दिशा रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर तो थेट दुप्पट निघतो. म्हणून त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर एकेक थर्मोकपल ठेवावा. तीन पोहोचवेळांवरून वेग आणि दिशा दोन्ही काढता येतात. असे अनेक त्रिकोण शेजारी-शेजारी मांडले तर आघाडी कुठे वाकली आणि कुठे मंदावली तेही कळते.

के प्रकारचे (निकेलच्या मिश्रधातूंच्या तारांचे) थर्मोकपल घ्यावेत, आणि सगळे एकाच जाडीच्या तारेचे असावेत. जाड तार उशिरा तापते. सर्वच तारा सारख्या जाड असतील तर तो उशीर पोहोचवेळांच्या वजाबाकीत बराचसा निघून जातो, पण जाड-बारीक तारांची सरमिसळ झाली की सगळा हिशेब बिघडतो. डेटा लॉगरने (संवेदकांची मोजमापे वेळेसह साठवणाऱ्या यंत्राने) सेकंदाला किमान एक नोंद घेतली पाहिजे. कारण त्रिकोणाची बाजू पाच मीटर असेल आणि आग सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल, तर तुमच्या हाती जेमतेम दहा सेकंद असतात. लॉगर आणि केबल मातीत पुराव्यात, आणि एकाहून अधिक लॉगर असतील तर त्यांची घड्याळे आधी जुळवून घ्यावीत.

वाऱ्याची_नोंद

वेगाचा आकडा एकटा फारसा उपयोगी नाही. त्याच्या जोडीला वारा, ओलावा आणि चढ यांची नोंद हवीच. आग स्वतःकडे हवा खेचते, म्हणून वायुवेगमापक आगीपासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूस उभारावा आणि तो किती उंचीवर होता हे लिहून ठेवावे, कारण दहा मीटर उंचीवरचा वारा आणि गवताच्या शेंड्याजवळचा वारा यांत मोठा फरक असतो. वेधशाळेतील वाऱ्याचा आकडा तुमच्या उतारासाठी वापरू नये. गवताचे नमुने पेटवण्याच्या अगदी आधी घट्ट झाकणाच्या डब्यात घ्या, वजन करा, ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वजन करा, आणि ओलावा कोरड्या वजनाच्या टक्क्यांत मांडा.

निवृत्त_वनसेवक

मॅडम, उपक्रम फार चांगला आहे, परंतु एक बाब आधीच लक्षात घ्यावी. जाळरेषा अरुंद असते, आणि आग हाताबाहेर जाऊ नये म्हणून ती वारा पडलेला असताना, बहुतेकदा वाऱ्याच्या विरुद्ध किंवा उताराच्या खालच्या दिशेने सरकेल अशा बेताने जाळतात. त्यामुळे तुम्हाला मिळेल तो मागे सरकणाऱ्या आगीचा वेग. वाऱ्यासोबत चढावर धावणारा वणवा याच्या कित्येक पट वेगवान असतो. ऑस्ट्रेलियात वणव्यांचे अभ्यासक मॅकआर्थर यांनी दिलेल्या ठोकताळ्यानुसार चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. तेव्हा हा आकडा ‘सिंहगडच्या वणव्याचा वेग’ म्हणून कोठेही छापू नये.

माळरान_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मग अशा मंद आगीच्या मोजमापाचा उपयोग कशासाठी करावा? आणि समोरच्या टेकडीवरून थर्मल कॅमेरा लावला तर चालेल का?

तापमापन

मंद आगीचे आकडे अमेरिकी संशोधक रॉथरमेल यांच्या १९७२ च्या प्रतिमानाशी (आग पसरण्याचा वेग काढण्याच्या गणिती सूत्रांशी) ताडून पाहा. आपल्या गवताची उंची, त्याचे प्रतिचौरस मीटर कोरडे वजन आणि ओलावा भरून ते वाऱ्याविना किती वेग सांगते, एवढे तपासले तरी काम मोलाचे होईल, कारण चढ आणि वारा यांचे परिणाम प्रतिमान त्या मूळ वेगावरच चढवते.

कॅमेरा जरूर लावा. थर्मल कॅमेऱ्याला धुरातूनही आघाडी बरीच स्पष्ट दिसते. मात्र तिरक्या चित्रात अंतरे फसवी असतात, म्हणून जाळल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या कडेला, गवत काढून मोकळ्या केलेल्या जागी, पेटत्या कोळशाचे पत्र्याचे डबे जीपीएसने स्थान नोंदवून ठेवावेत. ते चित्रात तेजस्वी ठिपक्यांसारखे उमटतात आणि त्यांच्या आधारे संपूर्ण चित्र नकाशावर बसवता येते. हे डबे कोठे ठेवायचे ते वनरक्षकांना विचारूनच ठरवा.