उघड्या होडीवर खोली मोजण्यासाठी दणकट लॅपटॉप कोणता घ्यावा?

संगमकाठ (सांगली)

मंडळी, नमस्कार. नदी आणि जलाशयांच्या तळाची मोजणी करण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे. हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापासून खाली म्हैसाळच्या बंधाऱ्यापर्यंत नदीचे आडवे छेद (एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळाची खोली) घेणे हे आमचे नेहमीचे काम. पावसाळा सरून कोयना धरण भरले, की बामणोली आणि तापोळ्याच्या बाजूने त्याच्या शिवसागर जलाशयातही गाळाच्या अभ्यासासाठी जावे लागते. नदीवर आम्ही फायबरची उघडी होडी वापरतो. शिवसागरात मात्र छप्पर असलेली लाँच भाड्याने घेतो.

गरज लक्षात यावी म्हणून कामाची पद्धत थोडक्यात सांगतो. होडीच्या कडेला एक उभा पाइप बांधलेला असतो. त्याच्या खालच्या टोकाला, पाण्यात, इको साउंडरचा (ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि परतलेला टिपणारा भाग असतो आणि वरच्या टोकाला जीपीएसचा अँटेना. दोन्हींच्या केबली लॅपटॉपला येतात आणि सॉफ्टवेअर खोली व ठिकाण यांची वेळेसह नोंद करते. नावाड्यालाही त्याच पडद्यावर ठरवलेली रेषा दिसावी लागते, कारण दोन-तीन मीटर इकडे-तिकडे सरकले तरी छेद वाकडा येतो. सध्याच्या साध्या लॅपटॉपवर ऊन चढले की काहीच दिसत नाही. मग एकजण डोक्यावर गोणपाट घेऊन रेषा वाचतो आणि नावाड्याला ओरडून सांगतो, अशी कसरत चालते.

आता नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. दोन लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे, खरोखर गरज असेल तर थोडे पुढे जाता येईल. एका विक्रेत्याने ‘मिलिटरी ग्रेड’ असा शिक्का असलेला, दिसायला नेहमीसारखाच आणि किमतीलाही बराच स्वस्त लॅपटॉप सुचवला आहे. तो होडीवर टिकेल का? की पूर्ण रगेड (मुद्दाम दणकट बांधलेल्या) प्रकारातलाच घ्यावा? होडीवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगितल्यास उपकार होतील.

मोजणीदार (कराड)

संगमकाठ, त्या शिक्क्यावर जाऊ नका. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे बहुधा अमेरिकी लष्कराच्या मिल-स्टँडर्ड ८१० या मानकातील काही चाचण्या. या मानकाची ‘जी’ आवृत्ती २००८ची आणि ‘एच’ आवृत्ती २०१९ची. त्यात पाऊस, धूळ, कंपन, आपटणे, खारे धुके अशा अनेक चाचण्या वेगवेगळ्या क्रमांकांनी दिलेल्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एखाद्या कंपनीने केवळ तापमानाच्या आणि कंपनाच्या चाचण्या केल्या, पावसाची केलीच नाही, तरी खोक्यावर तेच नाव छापता येते. उंचावरून टाकण्याच्या चाचणीत २६ वेळा टाकायचे असते, परंतु त्या २६ वेळा पाच नगांमध्ये विभागून घ्यायला मानकाची परवानगी आहे. म्हणून विक्रेत्याला ‘मिलिटरी ग्रेड आहे का’ असे न विचारता, कोणत्या क्रमांकाच्या चाचण्या झाल्या, त्या यंत्र चालू असताना झाल्या की बंद असताना, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेने केल्या की कंपनीने घरच्या घरी, असे विचारा. पावसाची चाचणी ५०६ क्रमांकाची, धुळीची ५१०.

पाण्यासाठी खरा आकडा पाहायचा तो आयपीचा, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या दर्जाचा. त्यातला पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आयपी ५३ म्हणजे तिरप्या येणाऱ्या तुषारांपर्यंत संरक्षण. आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि नळीच्या झोतापर्यंत संरक्षण. आयपी ६६ त्याहून जोरदार झोतापर्यंत. शेवटचा अंक ७ असेल, तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेले असते, पण केवळ त्यावरून ते झोतालाही टिकेल असे गृहीत धरता येत नाही. त्या दोन निराळ्या परीक्षा आहेत.

बाजारात सरळ दोन गट पडतात. पॅनासॉनिकचे टफबुक ५५ आणि डेलचे लॅटिट्यूड ५४३० रगेड ही सेमी-रगेड, आयपी ५३ची यंत्रे. टफबुक ४०, गेटॅक बी ३६० आणि डेलचे ७३३० रगेड एक्स्ट्रीम ही पूर्ण रगेड. पहिली दोन आयपी ६६ची, डेलचे ६५चे. पूर्ण रगेड नवे घ्यायचे तर तुमचा अंदाज ओलांडला जाईल हे आधीच सांगतो.

माझे मत विचाराल तर उघड्या होडीसाठी पूर्ण रगेडच घ्यावे. कृष्णेत वाळू काढणाऱ्यांच्या बोटी जवळून गेल्या, की लाट थेट फळीवर येते. तिथे तिरपे तुषार वगैरे हिशेब राहत नाहीत.

सोल्डर_मिरज

कराडकरांनी आयपीचे सगळे नीट सांगितले, फक्त एक कळीची गोष्ट राहिली. माहितीपत्रकातला आयपीचा आकडा हा सगळ्या पोर्टांची रबरी झाकणे घट्ट बंद असतानाचा असतो. होडीवर तुमची झाकणे कधीच बंद नसणार. एका पोर्टात इको साउंडर, दुसऱ्यात जीपीएस, तिसऱ्यात सॉफ्टवेअरची डाँगल (परवान्याची छोटी किल्ली), आणि बाजूला चार्जर. म्हणजे आयपी ६६चे यंत्र घेऊनही ज्या बाजूने पाणी यायचे, ती बाजू उघडीच. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा यंत्रांत किबोर्ड आणि पडदा ठणठणीत असतात आणि पोर्टाच्या आत गाळाचा करडा थर बसून पिना हिरव्या पडलेल्या असतात. पुराच्या दिवसांतले गढूळ पाणी तर वाळले तरी आत बारीक माती ठेवून जाते, आणि पुढच्या वेळी ओल आली की ती पुन्हा काम सुरू करते.

यावर उपाय यंत्रापेक्षा मांडणीत आहे. केबली शक्यतो मागच्या बाजूने येतील असे मॉडेल निवडा. प्रत्येक केबल पोर्टात जाण्यापूर्वी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे केबलीवरून ओघळणारे पाणी त्या झुकलेल्या जागी गळून पडते. डाँगल बाहेर लोंबकळत ठेवू नका.

दुसरे, सिरियल पोर्ट. इको साउंडर आणि जीपीएस अजूनही आरएस-२३२ या जुन्या सिरियल जोडणीवर बोलतात; त्यांच्या संदेशांच्या एनएमईए ०१८३ या मानकाचा मूळ वेग तर ४८०० बॉड. रगेड यंत्रांत खरा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट मूळचा किंवा पर्याय म्हणून मिळतो आणि त्याचे बारीक स्क्रू आवळले, की इंजिनाच्या थरथरीनेही केबल सुटत नाही. यूएसबीचे अडॅप्टर मात्र हलले की तुटतात, दुसऱ्या छिद्रात घातले की पोर्टाचा क्रमांक बदलतो, आणि नोंद बंद पडल्याचे रेषा संपल्यावर कळते. आणखी एक गंमत म्हणजे जीपीएस आधीच माहिती पाठवत असताना अडॅप्टर जोडला, तर विंडोज कधीकधी त्याला जुना सिरियल माऊस समजते आणि पडद्यावरचा बाण आपोआप सैरावैरा धावू लागतो. व्हायरस आला म्हणून लॅपटॉप घेऊन आलेले गिऱ्हाईक मी पाहिले आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो खोटा माऊस बंद केला, की प्रश्न मिटतो.

तिसरे, वीज. १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून, त्यावर लॅपटॉपचा चार्जर लावू नका. वीज दोनदा वाया जाते आणि इन्व्हर्टरची खरखर इको साउंडरच्या आलेखात खोटा तळ दाखवू शकते. बारा व्होल्टवरून थेट चालणारा वाहनाचा अडॅप्टर घ्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा. पडदा पूर्ण उजळ ठेवला तर लॅपटॉप साधारण ३० वॅट खातो असे धरू. ४२ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे ५०० वॅट-तास, त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे आठ तास निघतात. लेड-ॲसिड बॅटरी त्याहून खाली उतरवली, तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. इंजिन बटणावर सुरू होणारे असेल, तर त्याच्या बॅटरीला लॅपटॉप जोडूच नका. स्टार्टर फिरताना व्होल्टेज एकदम खाली येते.

निवृत्त जलअभियंता (सातारा)

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरीही कराडच्या मित्रांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. संगमकाठ यांची मूळ तक्रार पाण्याची नसून पडदा दिसत नसल्याची आहे, हे सगळे विसरले. साध्या लॅपटॉपचा पडदा २५० ते ३०० निट (उजळपणाचे एकक) उजळ असतो. उघड्या उन्हात वाचण्यासाठी किमान १००० निट हवेत आणि आयपी ५३च्या ज्या दोन यंत्रांची नावे वर आली आहेत, त्यांचे उजळ पर्यायातले पडदे १००० ते ११०० निटचे आहेत. पूर्ण रगेड यंत्रे १२०० ते १४०० निटपर्यंत जातात, पण हा फरक डोळ्यांना फार मोठा वाटत नाही. पडद्यावरची चकाकी कमी करणारा लेप आहे की नाही, याने त्याहून जास्त फरक पडतो. सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर जाड काळी रेषा ठेवा. काळी पार्श्वभूमी कार्यालयात सुरेख दिसते, उन्हात तिचा आरसा होतो. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्याला विशिष्ट कोनातून पडदा काळाच दिसतो, तेव्हा यंत्र बिघडले असे समजून घाबरू नये.

समुद्राचे प्रमाणपत्र कोणी गळ्यात मारू लागला तर नम्रपणे नकार द्या. खाऱ्या धुक्याची चाचणी आणि जहाजांवरील दिशादर्शक उपकरणांसाठीचे आयईसी ६०९४५ हे मानक यांची कृष्णेत किंवा शिवसागरात काही गरज नाही. उद्या रत्नागिरीच्या खाडीतले काम मिळाले, तर तेव्हा पाहता येईल.

आपल्याकडे पाण्याइतकाच त्रास उष्णतेचा होतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीला पारा चाळिशीला टेकतो, आणि काळ्या रंगाचे यंत्र उन्हात ठेवले तर आतले तापमान त्याहून बरेच वर जाते. ४५ अंशांच्या आसपास लिथियम बॅटरी चार्ज होणे थांबते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, मग नोंदी अडखळतात. होडीच्या मध्यावर चार बांबू रोवून पांढऱ्या कापडाची सावली केली, तर पडदा, बॅटरी आणि माणूस तिघांचीही सोय होते. थंडीत शिवसागरावर उलट प्रकार होतो. पहाटेच्या धुक्यात गार पडलेले यंत्र लाँचच्या उबदार केबिनमध्ये नेले, की त्यावर दव धरते. ते पुसून थोडा वेळ तसेच राहू द्यावे आणि मगच झाकणे उघडावीत.

म्हणून माझा सल्ला असा, की छप्पर असलेल्या लाँचसाठी आणि सावली केलेल्या होडीसाठी सेमी-रगेड पुरे. उरलेल्या पैशात बदली बॅटरी घ्या आणि नावाड्यासमोर एक छोटा, उजळ, पाणी न शिरणारा वेगळा पडदा लावा. त्यामुळे नावाडी आणि मोजणारा एकाच लॅपटॉपवर वाकणार नाहीत आणि होडीचा तोलही राहील.

लॅपटॉप पाण्यात पडला तर तो बुडणारच, मग त्यावर कोणताही आकडा असो. त्यातल्या नोंदींची काळजी अधिक महत्त्वाची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूररेषा आखताना २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा या अशाच आडव्या छेदांच्या आधारे काढतात. एखादा छेद हरवला तर शेजारच्या दोन छेदांवरून अंदाजाने भरावा लागतो आणि त्याचा परिणाम कोणाच्या तरी घराच्या परवानगीवर होतो. त्यामुळे प्रत्येक रेषा संपताच नोंद पेनड्राइव्हवर उतरवून तो पेनड्राइव्ह माणसाच्या खिशात ठेवा, आणि जीपीएसच्या स्वतःच्या मेमरीतही नोंद चालू राहू द्या.

मोजणीदार (कराड)

साहेबांचा सावलीचा आणि वेगळ्या पडद्याचा मुद्दा मला पटला. तरी उघडी होडी ती उघडीच. वारा सुटला की कापडाचे शीड होते आणि होडी रेषेवर राहत नाही, हे मी कराडच्या प्रीतिसंगमावर अनुभवले आहे. कापड लहान ठेवा आणि पटकन उतरवता येईल असे बांधा.

संगमकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. ‘मिलिटरी ग्रेड’वाला बेत रद्द केला. सेमी-रगेडकडे मन झुकले आहे. मात्र पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडे जुने, वापरलेले टफबुक सीएफ-३१ बरेच स्वस्त मिळते आहे. ते आयपी ६५चे असून त्याला सिरियल पोर्टही आहे. ते घेण्यात धोका आहे का?

सोल्डर_मिरज

यंत्र उत्तम, पण वय झालेले. रबरी गॅस्केट वर्षानुवर्षांत कडक होतात आणि चिरा पडतात, त्यामुळे ६५ हा आकडा कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा समजावा. प्रत्येक पोर्टाचे झाकण उघडून पाहा, रबर नखाने दाबा. ते दबून परत वर आले पाहिजे. बिजागरी अर्ध्यावर उघडून होडीसारखी हलवा, पडदा खाली येता कामा नये. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. पडद्याचा उजाळा दुकानाबाहेर उन्हात नेऊनच तपासा, कारण जुन्या पडद्यांचा प्रकाश मंदावलेला असतो. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चे सर्वसाधारण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. म्हणून ते केवळ मोजणीपुरते, इंटरनेटला न जोडता वापरणार असाल तरच घ्या, आणि तुमच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती त्यावर चालते का हे पैसे देण्यापूर्वी डाँगल लावून पाहा.

संगमकाठ (सांगली)

समजले. मग असे ठरवतो, की शिवसागरासाठी सेमी-रगेड नवे घ्यायचे, आणि जुने यंत्र तपासणीत टिकले तर नदीवर दुसरे म्हणून ठेवायचे. नव्या यंत्राच्या विक्रेत्याला नमुना घेऊन दुपारी बारा वाजता सरकारी घाटावर बोलावले आहे. त्याने दुकानातच पाहा असा आग्रह धरला होता, तो मी मानला नाही.