रेसिंग ड्रायव्हर मोकळ्या वेळात काय करतात? (मुलासाठी विचारतेय)

जालनेकरीण

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याला फॉर्म्युला वनचं भारी वेड आहे. अभ्यासाच्या टेबलाला गेमचं स्टिअरिंग आवळून बसवलंय, खाली पेडल, आणि रात्री बारा-साडेबारापर्यंत त्याची शर्यत चालते. रागावलं की म्हणतो, "मॅक्स व्हर्स्टापनपण सुट्टीत हेच करतो." रविवारी आजोबांसोबत अंबडच्या शेतात जा म्हटलं, तर उत्तर तयार: "रेसर लोक शेतात जात नसतात, आई."

त्याच्या बाबांना हे खूळ वाटतं, मला नाही. या वयात एखाद्या गोष्टीची एवढी ओढ असणं मला चांगलंच वाटतं. पण तो सांगतो त्यातलं खरं किती? शर्यत नसते तेव्हा हे लोक काय करतात? नियमित बघणारं कुणी असेल तर सांगा, म्हणजे त्याच्याशी बोलताना माझ्याकडे काही तरी असेल.

वाळूज_सेकंड_शिफ्ट

ताई, व्हर्स्टापनचं खरं आहे. तो टीम रेडलाइन या ऑनलाइन शर्यतींच्या संघाकडून उतरतो. मे २०२४ मध्ये इटलीत इमोलाची खरी फॉर्म्युला वन शर्यत होती, त्याच शनिवार-रविवारी त्याच्या टीमनं नुर्बुर्गरिंग या जर्मन ट्रॅकची २४ तासांची ऑनलाइन शर्यत जिंकली. त्यात तोही चालवायला होता, आणि रविवारी इमोलापण त्यानंच मारली. खऱ्या गाडीवर सराव करायला नियमानं फार थोडे दिवस मिळतात, त्यामुळे सिम्युलेटर, म्हणजे अशी स्क्रीनवरची नकली गाडी, हा या धंद्याचाच भाग झालाय.

पण पुढचंही सांगा त्याला. जुलैत हंगेरीच्या शर्यतीआधी हाच माणूस पहाटे तीनपर्यंत ऑनलाइन खेळत बसला. शर्यतभर रेडिओवर टीमशी वाद, हॅमिल्टन या दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीला टक्कर, आणि शेवटी पाचवा. जागरणाचा काही संबंध नाही असं त्याचं म्हणणं, पण लोकांनी त्याला चांगलंच धारेवर धरलं.

उदगीरकर

ताई, मी उदगीरजवळ म्हशी सांभाळतो. युरोपातली शर्यत आपल्याकडे बहुतेक संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, म्हणून त्या रविवारी धारा पाचलाच उरकतो आणि मग मोबाइल घेऊन बाजेवर बसतो. "रेसर शेतात जात नसतात" हे वाचलं आणि राहवलं नाही.

जिम क्लार्कचं नाव त्याला माहीत असेल. १९६३ आणि १९६५ चा जगज्जेता, ७२ शर्यतींत २५ विजय, आणि १९६५ लाच अमेरिकेतली इंडियानापोलिस ५००. हा स्कॉटलंडचा मेंढ्या पाळणारा शेतकरी होता. चार बहिणींच्या पाठीवरचा एकुलता एक मुलगा, शेत त्यानंच सांभाळायचं हे घरात ठरलेलं. शर्यतींचा नाद घरच्यांना बिलकुल पसंत नव्हता, तुमच्या मुलाच्या बाबांसारखंच. १९६८ मध्ये हॉकेनहाइमला शर्यतीतच गेला, वय फक्त ३२. चर्नसाइड गावी त्याची कबर आहे. तिच्या दगडावर आधी 'शेतकरी' लिहिलंय, शेताच्या नावासकट, आणि त्याच्याखाली जगज्जेता वगैरे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोठ्यातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं.

दुसरा तर आमच्याच जातकुळीतला. जोडी शेक्टर, दक्षिण आफ्रिकेचा, १९७९ ला फेरारीकडून जगज्जेता. त्याच्यानंतर फेरारीच्या ड्रायव्हरला ते पद मिळायला २००० साल उजाडावं लागलं. शेक्टरनं १९८० ला शर्यती सोडल्या, अमेरिकेत धंदा केला, तो विकला आणि इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला सेंद्रिय शेती उभी केली. तिथं त्यानं म्हशी पाळल्या! म्हशीच्या दुधाचं मोझरेला चीज आणि आइस्क्रीम विकलं. आमच्याकडं डेअरीत फॅट लागली की पैसे घेऊन घरी यायचं, एवढाच हिशोब. त्या माणसानं दुधाचा माल स्वतः करून विकला, याचं मला त्याच्या जगज्जेतेपदापेक्षाही जास्त कौतुक आहे.

सेबॅस्टियन व्हेटेल मधमाश्यांच्या मागं लागला. निवृत्तीनंतर २०२३ मध्ये जपानच्या सुझुका ट्रॅकवर दुसऱ्या वळणाजवळ त्यानं मधमाश्यांसाठी लाकडी घरं बसवली आणि चालू ड्रायव्हरांना ती रंगवायला बोलावलं. कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटला मधमाशी नसेल तर काय होतं, हे जालन्याच्या माणसाला मी काय सांगणार. मुलाला त्याच्या आजोबांना विचारू द्या.

बाकी सायकल तर जवळपास सगळेच चालवतात. बोटास खडीच्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतीत उतरतो, त्याची जोडीदार टिफनी क्रॉमवेल व्यावसायिक सायकलपटूच आहे. नॉरिस आणि साइन्झ गोल्फ खेळतात. लक्लेर पियानो वाजवतो, लॉकडाऊनमध्ये शिकला आणि नंतर स्वतःच्या रचना प्रसिद्धही केल्या.

मात्र मोकळा वेळ यांना जपून वापरावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अलोन्सो स्वित्झर्लंडमध्ये सायकलवर असताना गाडीशी धडक झाली आणि जबडा मोडला. रॉबर्ट कुबित्साचं दुःख तर अजून मोठं. फेब्रुवारी २०११, मोसम तोंडावर, आणि हा हौसेखातर इटलीत रस्त्यांवरच्या एका छोट्या मोटार रॅलीत उतरला. लोखंडी कठडा गाडीत घुसला, उजवा हात जायचाच राहिला. त्या वेळी तो ऐन भरात होता. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत परत यायला २०१९ साल उजाडलं, आणि त्या हाताची पूर्वीची ताकद आलीच नाही. तरी आला. तुमच्या मुलाच्या वयाच्या पोरांनी हा माणूस जरूर वाचावा.

परभणी_क्रीडाशिक्षक

एक भर घालतो. यांचा बराचसा 'मोकळा' वेळ व्यायामात जातो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो, वेगातल्या वळणावर त्याच्या पाचपट जोर मान ओढतो. सिंगापूरसारख्या ठिकाणी शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामावाटे जातं. खुर्चीत बसून यातलं काहीच कमावता येत नाही. मानेचे व्यायाम मात्र व्हिडिओ पाहून करू देऊ नका, पळणं आणि पोहणं आधी.

जालनेकरीण

सगळ्यांचे आभार. त्याला वाचून दाखवलं. कुबित्सापाशी गप्प झाला, मग स्वतःच व्हिडिओ शोधायला लागला. उदगीरकर दादा, शेक्टरच्या म्हशी कुठल्या जातीच्या होत्या असं विचारतोय! आणि खरी कार्ट (शर्यतीची छोटी उघडी गाडी) चालवून बघायची आहे म्हणतोय. चौदाव्या वर्षी उशीर झालाय का?

उदगीरकर

म्हशी इटलीकडं असतात तशा, आपल्या मराठवाडी म्हशीसारखी लांब शिंगं त्यांना नसतात.

उशिराचं खरं सांगतो. व्हर्स्टापन चौथ्या-पाचव्या वर्षी कार्टमध्ये बसला, बाप स्वतः रेसर आणि त्याच्या कार्टवर स्वतः काम करणारा. त्या वाटेनं फॉर्म्युला वन आता अवघड आहे, आणि खर्च आपल्या आवाक्यातला नाही. पण कार्ट चालवायला अडचण काही नाही. कोल्हापूरला ट्रॅक आहे, दिवाळीच्या सुट्टीत घेऊन जा, आधी फोन करून वयाची आणि उंचीची अट विचारा. कार्टला पॉवर स्टिअरिंग नसतं, सस्पेन्शन नसतं, थोड्या वेळात दंड भरून येतात आणि बरगड्या दुखतात. बरगड्यांचं जाकीट तिथं मिळतं का तेही विचारून ठेवा. तोवर रविवारी अंबडला जाऊ द्या, आजोबांकडे ट्रॅक्टर असेल तर क्लच-ब्रेक जवळून बघू दे. चालवायला मात्र लायसन्सशिवाय देऊ नका.