प्रति: किल्ला आधी की मठ?
कुणीतरी विचारलंय की आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या इनिशमरे बेटावर जुन्या मठाभोवती आहे ती जाडजूड तटबंदी साधूंनी कशाला बांधली असेल. तर मठाच्याही आधी तिथे किल्ला होता आणि साधू नंतर आत येऊन राहिले असं जुने अभ्यासक म्हणायचे, पण त्याला ठाम पुरावा असा नाही. आणि तट जाड म्हणून लढाईसाठीच असंही नाही ना, आयर्लंडमधल्या बऱ्याच मठांना कुंपण असायचंच, आत पवित्र जागा बाहेर संसार एवढं दाखवायला. इथे मात्र चुन्याशिवाय नुसते दगड रचून काही ठिकाणी ४ मीटरच्या वर उंची नेलीय, हे जरा अतीच! तरी ७९५ मध्ये व्हायकिंग (उत्तर युरोपातले समुद्री लुटारू) आले ते आलेच.

मठ सहाव्या शतकातल्या संत मोलाइशचा मानतात. तटाच्या आत छोटी चर्चं, घुमटीसारख्या दगडी झोपड्या, क्रॉस कोरलेल्या शिळा. पण मला सगळ्यात भारी वाटतात ते शापाचे दगड. ओट्यावर गोल गुळगुळीत गोटे मांडलेत, काहींवर क्रॉस कोरलेला, आणि कुणाचं वाटोळं करायचं असेल तर शाप देत ते घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायचे. मात्र समोरच्याची चूक नसली तर शाप आपल्यावरच उलटणार, म्हणजे सोय पण आहे आणि धाक पण :)

बाकी १८८० च्या सुमारास सरकारी डागडुजी झालीय, त्यामुळे फोटोत दिसतं ते सगळंच जसंच्या तसं जुनं धरू नका. शेवटचे रहिवासी १९४८ ला बेट सोडून गेले.