मदत हवी आहे: चित्राचा कॉपीराइट काढायचाय, पण त्याचं वॉल हँगिंग आधीच विणून झालंय

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, नोकरी सांभाळून वॉटरकलर करतो. मागच्या गड्ड्याच्या (आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी यात्रेत मिरवणाऱ्या सातही नंदीध्वजांचं, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांचं, मोठं चित्र काढलं आणि स्टेटसला टाकलं, तर ओळखीतला एक कारखानदार म्हणाला दे की मला, जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) वॉल हँगिंग काढू. पाच हजार रोख दिले, कागद काहीच नाही, दोनशेक पीस निघाले. इथपर्यंत ठीक होतं ओ, पण यंदा गड्ड्यात भलत्याच माणसाच्या स्टॉलवर तेच चित्र! माझंच कशावरून, तर एका मानकऱ्याच्या बाराबंदीचे (बंद बांधायच्या पांढऱ्या अंगरख्याचे) बंद मी चुकून उलट्या बाजूला काढले होते, ते सुतातपण तस्सेच उलटे. हसावं का रडावं कळंना.

आता कॉपीराइट नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म १४ भरायलोय. चित्राला फी ५०० दिसते, पण मालावर वापरायचं किंवा वापरता येण्यासारखं असेल तर २००० आणि वर ट्रेडमार्कवाल्यांचं सर्च सर्टिफिकेट (तसाच ट्रेडमार्क आधी कुणाचा नाही असा दाखला). नेट कॅफेवाला म्हणतो ५०० वालं टाका, कोण बघतंय. काय करू?

प्रतिसाद १
कॅफेवाल्याचं ऐकू नका, अर्जात खोटं लिहिलेलं पुढे तुमच्याच अंगाशी येईल. आणि कॉपीराइट "काढावा" लागत नाही, चित्र काढलं तेव्हाच तो तुमचा झाला, तुम्ही असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं. नोंदणी कोर्टात पुरावा म्हणून कामाला येते. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबवतात, मग तपासणी. पाच हजारांत चित्राचा हक्क गेला असंही नाही, हक्क द्यायला सहीचा लेखी कागद लागतो.

प्रतिसाद २
खरी मेख वेगळीच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ वाचा. ज्याची डिझाइन म्हणून (मालावरची नक्षी म्हणून, वेगळ्या डिझाइन कायद्याखाली) नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, असं काही मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा काढलं की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. तुमचे दोनशे पीस परवानगीचेच ना? समोरचा वकील पहिलं तेच काढणार. आता डिझाइन नोंदवू म्हणाल तर ती नवी लागते, तुमची स्टेटसवर आणि बाजारात फिरून आली. तरी मूळ चित्र हे स्वतंत्र कलाकृती आहे असं मांडता येतं, दिल्ली हायकोर्टाच्या २००९ च्या एका निकालात हा फरक केलाय. बौद्धिक संपदेचं काम करणारा वकील गाठा, घरांची खरेदीखतं करणारा नको.

धागाकर्ता
आयला, ५० चं माहीतच नव्हतं. कारखानदाराला फोन केला तर म्हणतो मी कुणाला दिलं नाही, पण जकार्डची कार्डं पंच करणाऱ्याकडे माझ्या चित्राचा ग्राफ (विणकामासाठी चौकटींच्या कागदावर उतरवलेली नक्षी) पडून होता. मूळ चित्र, तारखेचे फोटो आणि स्टॉलवरचा एक पीस (साडेतीनशेला विकत घ्यावा लागला, माझंच चित्र!) ठेवलंय. सोलापुरात नाहीतर पुण्यात असा वकील कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.