नाशिकचं कोरडं ऊन आणि घरचं वाळवण: तुमची पद्धत काय?

होळी झाली की नाशिकच्या गच्च्यांवर प्लॅस्टिकचे कागद आणि जुन्या साड्या अंथरल्या जातात. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत इथली हवा कोरडी असते आणि वाळवणाला नुसत्या उन्हापेक्षा हा कोरडेपणाच जास्त उपयोगी पडतो. मुंबईच्या दमट हवेत जी कुरडई दिवसेंदिवस मऊच राहते, ती इथे दुसऱ्या संध्याकाळी खडखडते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आमरसाशेजारी घरची कुरडई असावी असं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. कृपया वर आपल्या भागाचं नाव टाकून नेमकं लिहा: माप किती, कुठे बिघडतं आणि का.

पंचवटी

कुरडईपासून सुरुवात करते. गहू 1 किलो, नवा आणि टपोरा, लोकवन चालतो. तीन दिवस भिजवायचा. पाणी रोज बदलायचं, एप्रिलच्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. तिथे आळस केला की चिकाला (गव्हाच्या पांढऱ्या सत्त्वाला) उग्र वास येतो, कुरडई काळपट दिसते आणि तळल्यावर आंबट लागते.

चौथ्या दिवशी गहू वाटून भरपूर पाण्यात पिळून घ्या. आधी चाळणीतून, मग मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. कोंडा राहिला तर साच्याची भोकं बुजतात आणि तार तुटते. गाळलेलं पाणी रात्रभर झाकून ठेवा, भांडं अजिबात हलवू नका. पहाटे वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी घट्ट पांढरा चीक मिळतो.

पाण्याचं माप चिकावर ठरतं, गव्हावर नाही. जेवढी पातेली घट्ट चीक, तेवढीच पातेली पाणी. पाण्यात हिंग, चमचाभर तेल आणि मीठ. मीठ कमीच, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. पाणी खळखळ उकळलं की आच मध्यम करून एकीने चीक धारेने ओतायचा, दुसरीने लाकडी दांड्याने न थांबता घाटायचं. एकटीने केलं तर गुठळ्या ठरलेल्या. मग झाकण ठेवून बारीक आचेवर वाफ द्या, मध्ये उघडून तळापासून ढवळा, परत झाका. दुधाळ रंग जाऊन चकाकी आली आणि ओल्या बोटाला चीक चिकटला नाही की झालं. कच्च्या चिकाची कुरडई वाळताना तडकते आणि तेलात फुलत नाही. पाणी जास्त झालं तर तारा बसतात, एकमेकींना चिकटतात.

चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. गार झालेला दाबताना मनगट दुखतं आणि तार खरबरीत पडते. ऊन चढायच्या आत सगळ्या घालून झाल्या पाहिजेत. संध्याकाळी उलटवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण ऊन द्या.

घरातली मुलं ज्याची वाट बघतात तो गरम चीक मात्र विसरू नका. वाटीत काढून तूप-साखर, नाहीतर कच्चं तेल आणि तिखट. तेवढा चीक आधीपासूनच जास्तीचा धरा.

सिडको

आमच्याकडे खानदेशी घरं पुष्कळ, त्यामुळे बिबड्या (ज्वारीचे थापलेले पापड) हव्यातच. ज्वारी तीन दिवस भिजवायची, उपसून सावलीत कोरडी करायची आणि रवाळ दळायची. आधणात मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, तीळ घालून पीठ घाटायचं आणि चांगलं शिजवायचं. ओल्या सुती कापडावर पाण्याच्या हाताने पातळ थापा. वाळल्यावर ओढून काढू नका, तुकडे होतात. कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवा, बिबडी आपोआप सुटते. मग दुसऱ्या बाजूने पुन्हा ऊन. अर्धवट वाळलेली बिबडी शेंगदाणे आणि कच्च्या कांद्याबरोबर खाण्याचं सुख वाळलेल्या बिबडीत नाही.

पंचवटीच्या ताई, कुरडईचा उरलेला चोथा टाकू नका. त्यात तिखट, मीठ, जिरं घालून शिजवा आणि पापड्या थापा.

मखमलाबाद

द्राक्षांच्या गावात राहून मनुके विकत कशाला आणायचे? हंगामाच्या शेवटी गाड्यांवर सुटे मणी स्वस्त मिळतात आणि तेव्हा साखरही पुरती भरलेली असते. आंबट द्राक्षाचा मनुका लहान आणि चिवट होतो. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो मनुका धरा.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर पडू देत नाही. म्हणून मणी तसेच उन्हात टाकले तर वाळण्याआधी आंबतात. शेतकरी बेदाण्यासाठी मणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये, सावलीत वाळवतात; म्हणून तो हिरवट-पिवळा राहतो. घरी उकळतं पाणी पुरतं. मणी आधी दोन-तीन पाण्यांनी नीट धुवा, उकळत्या पाण्यात सोडा, 2-3 मिनिटांत वर तरंगू लागले आणि सालीवर बारीक चिरा दिसल्या की लगेच उपसा. जास्त उकळले तर रस गळतो, कापड चिकट होतं, मुंग्या येतात. एकेरी थरात पसरा, वर मलमल ताणून बांधा. उन्हातला मनुका तपकिरी होतो, ते चांगलंच आहे. तयार मनुका बोटांत दाबला तर रस येता कामा नये.

इंदिरानगर

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातली नागली (नाचणी) मिळाली तर पापड कराच. 1 किलो पिठाला पापडखार 20 ग्रॅम, मीठ त्याहून किंचित जास्त, तीळ आणि जिरं मूठ-मूठ. मोजलेल्या पिठाच्या सव्वापट पाणी उकळून त्यात पीठ घालायचं, मिसळून वाफवायचं आणि सोसेल तेवढं गरम असतानाच मळायचं. पीठ गार झालं की कडा फाटतात. नागलीला गव्हासारखा चिवटपणा नसतो. तिला बांधून ठेवते ती उकडच. लाटून झाल्यावर तास-दोन तास कोवळं ऊन द्या, पुढे सावलीत, पंख्याखाली. दुपारच्या कडक उन्हात पापड वाकडे होतात.

नाशिकरोड

काळ्या मसाल्याचं माझं माप: मिरची 1 किलो (निम्मी ब्याडगी रंगाला, निम्मी तिखट), धने अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ आणि जिरं प्रत्येकी 100 ग्रॅम, दगडफूल 25 ग्रॅम, बाकी खडे मसाले आवडीप्रमाणे, आणि कांदा 1 किलो. कांदा उभा पातळ चिरून कडकडीत वाळवायचा, नंतर तेलात गडद तपकिरी होईपर्यंत तळायचा. मसाल्याचा काळेपणा आणि रश्श्याला येणारा दाटपणा त्यातूनच येतो. कांदा मऊ राहिला तर पावसाळ्यात बरणीत जाळी धरते. खोबरं नीट भाजलं नाही तर मसाला खवट होतो.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. धने उशिरा भाजतात, खसखस क्षणात करपते. एकत्र टाकलं तर एक कच्चं, एक जळकं, आणि जळक्या मिरचीचा कडवटपणा नंतर कशानेच जात नाही. सगळं गार झाल्यावरच डंकावर (मसाला कांडायच्या गिरणीवर) न्या. बरणीत दाबून भरा, मध्ये हिंगाचे खडे ठेवा.

गंगापूर रोड

गच्चीवर राखण करत बसायचंच असतं, तेव्हा गोधडी शिवायला घ्या. बाळाच्या दुपट्याला जुन्या सुती साडीचे तीन थर पुरतात. थंडीच्या गोधडीला पाच-सहा. सिल्क किंवा सिंथेटिक साडी आत घालू नका, ती घसरते आणि गोळा होते. सगळं कापड आधी धुऊन, खळ काढून, वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात एखादाच थर आटतो. जमिनीवर अंथरून कडांवर वजनं ठेवा आणि मधून कडेकडे मोठे कच्चे टाके घाला. मग कडेपासून आत, चौकोनात फिरत धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर, दोरा हातभरच, कारण लांब दोरा पिळतो. दोरा ओढून ताणू नका. गोधडी आकसते आणि मध्ये फुगा येतो.

पंचवटी

एक राहिलं. एप्रिलच्या शेवटी दुपारून वळवाचे ढग येतात. चीक काढून ठेवलाय आणि सकाळीच आभाळ दिसलं तर शिजवू नका. चिकावर ताजं पाणी ओतून फ्रिजमध्ये ठेवा, एक दिवस सहज निघतो; दुसऱ्या दिवशी वरचं पाणी काढून मग मापा. कुरडया घालून झाल्या असतील तर कागदासकट घरात आणा, पंखा लावा, पण एकावर एक रचू नका. आणि डब्यात भरताना उन्हातून थेट भरू नका. पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरते आणि बुरशी येते.