डेटाबेसचा सिक्युरिटी पॅच: आला की लावायचा, का दोन आठवडे थांबायचं?

रात्रपाळी_डीबीए
धागा काढायचं कारण सांगतो. आमच्या एका क्लायंटकडे नियम आहे की पोस्टग्रेसचा (ओपन सोर्स डेटाबेस) कुठलाही पॅच आला तरी प्रॉडक्शनवर, म्हणजे खरं काम चालतं त्या सर्व्हरवर, दोन आठवडे लावायचा नाही, "बाकीच्यांना आधी पडू दे" असं चेंज मीटिंगमध्ये चक्क तोंडावर म्हणतात. मला हे पटत नाही. पोस्टग्रेसचे मायनर रिलीज (फक्त दुरुस्त्यांची छोटी व्हर्जन्स) काही अचानक आकाशातून पडत नाहीत, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, दुसरा गुरुवार, तारीख आधीच माहीत असते. डेटा डिरेक्टरी तीच राहते, डंप-रिस्टोअर (सगळा डेटा बाहेर काढून परत भरणं) नाही, बायनरी (प्रोग्रामच्या फायली) बदलायच्या आणि रीस्टार्ट. आणि कोड उघडा आहे हो! ज्या दिवशी भोक बुजवलं त्याच दिवशी भोक कुठे होतं हे अख्ख्या जगाला कळतं, म्हणजे आपण थांबतो ते दोन आठवडे समोरच्याला अभ्यासाला देतो.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी स्लॅमर. जानेवारी २००३, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसवर आपोआप पसरणारा वर्म, ३७६ बाइट्स फक्त, एकच यूडीपी पॅकेट, पोर्ट (मशीनचा नेटवर्कवरचा दरवाजा) १४३४. पहिल्या दहा मिनिटांत लागण होऊ शकेल अशा मशीनपैकी नव्वद टक्के गेली. मायक्रोसॉफ्टचा पॅच कधीचा होता? जुलै २००२ चा. सहा महिने पडून होता.

निवांत_नाना
असहमत. स्लॅमरचं उदाहरण दरवेळी निघतं पण ते सहा महिने झोपलेल्यांचं आहे, दोन आठवडे थांबणाऱ्यांचं नाही, दोन्ही एकाच पोत्यात घालू नका.

आता माझं उदाहरण घ्या. १४ नोव्हेंबर २०२४, पोस्टग्रेस १७.१ आणि सोबत १६.५, १५.९ वगैरे सगळी भावंडं. चार सीव्हीई (क्रमांक देऊन नोंदवलेली सुरक्षेची भोकं) बुजवले, चांगलं केलं. पण त्यातल्या एका फिक्समुळे ऑल्टर यूजर करून ठेवलेलं सेट रोल (लॉगिननंतर कोणाच्या अधिकारांनी काम करायचं ती सेटिंग) चालेनासं झालं, वर एका अंतर्गत स्ट्रक्चरचा आकार बदलला त्यामुळे आधीच्या मायनरवर कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन्स (डेटाबेसला जोडायची जादा सॉफ्टवेअर) धोक्यात, त्यातल्या टाइमस्केलवाल्यांनी तर सरळ सांगितलं की हे व्हर्जन लावू नका. २१ तारखेला वेळापत्रक सोडून १७.२ काढावं लागलं. बरोबर एक आठवडा. तुमच्यासारखे त्याच रात्री लावून बसले त्यांची दुसरी रात्रही त्यातच गेली.

एकदाच झालं म्हणाल तर लगेच पुढच्या फेब्रुवारीत परत तेच. १३ ला १७.३, २० ला १७.४. नंतर आमच्याकडे कोणी "थांबू नका" म्हटलं की मी या दोन तारखा दाखवतो, चर्चा संपते.

रात्रपाळी_डीबीए
नाना, तारखा बरोबर आहेत, पण त्या दोन्ही वेळी आठवड्याभरात दुरुस्ती आली हेही लिहा ना. आणि एक्स्टेन्शन नाही, सेट रोल वापरत नाही अशा कितीतरी मशीनला नोव्हेंबरमध्ये काहीच झालं नसतं. रिलीज नोट वाचायला अर्धा तास लागतो. न वाचता थांबायचं आणि त्याला सावधगिरी म्हणायचं, हा आळस आहे, राग येईल पण आहे.

कृष्णाकाठ
तुमचं दोघांचं वाचून हसू आलं, माफ करा. मी एका पतसंस्थेचं आयटी बघते. "बघते" म्हणजे मीच आयटी. स्टेजिंग (आधी चाचणी घ्यायचा सर्व्हर) नाही, रेप्लिका (जोडीची चालू प्रत) नाही, एक सर्व्हर, त्यावर व्हेंडरचं सॉफ्टवेअर आणि पोटात पोस्टग्रेस १२. त्या १२ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ लाच संपला, शेवटचं १२.२२. व्हेंडरला विचारलं तर म्हणतात डेटाबेसला हात लावला तर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) रद्द. साहेबांना सांगितलं तर ते म्हणतात चालतंय ना मग कशाला, आणि मार्चअखेर असली की तोंड पण उघडायची सोय नाही. त्याच रात्री का दोन आठवड्यांनी हा वाद घालायला आधी पॅच यायला पाहिजे हो, आमच्याकडे आता तो येणारच नाही.

क्लाउडकाका
क्लाउडवर टाका, मॅनेज्ड (क्लाउड कंपनीच सांभाळते तो) घ्या, मायनर अपग्रेड आपोआप होतो. २०२६ मध्ये स्वतःचा डेटाबेस सर्व्हर सांभाळायचा हट्ट का?

कृष्णाकाठ
काका, एएमसी रद्द होईल हे वाचलंत का वर? का फक्त "क्लाउड" टाइप करायला लॉगिन केलंत?

सह्याद्री८१
मला वाटतं दोघंही कॅलेंडरकडे बघून भांडताय. प्रत्येक सीव्हीई वेगळा असतो, त्या भोकापर्यंत कोण पोचू शकतं ते बघा.

नोव्हेंबर २०२४ मधलाच सगळ्यात वरचा घ्या, १०९७९, स्कोअर ८.८. पीएल-पर्लमधून (डेटाबेसच्या आत पर्ल भाषेतला कोड चालवायची सोय) सर्व्हर प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (चालू प्रोग्रामच्या सेटिंग) बदलता यायचे. तुमच्याकडे पीएल-पर्ल बसवलेलंच नसेल तर ८.८ चं काय करायचं? उलट एप्रिल २०१३ चा बघा, डेटाबेसच्या नावाची सुरुवात वजा चिन्हाने केलेली कनेक्शन रिक्वेस्ट पाठवली की सर्व्हरवरच्या फायली खराब करता यायच्या, पासवर्ड लागतच नव्हता. त्यावेळी पोस्टग्रेसवाल्यांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलं आणि रिलीजपर्यंत कोड रेपॉझिटरीच बाहेरच्यांना बंद केली. असल्या वेळी पोर्ट उघडा असेल तर जेवणाचं ताट सोडून उठायचं.

आणि नानांचा तो फेब्रुवारी २०२५ चा, १०९४, त्याची गंमत कोणी सांगितलीच नाही. भोक सर्व्हरमध्ये नव्हतंच! लिबपीक्यू म्हणजे अ‍ॅपच्या बाजूने पोस्टग्रेसशी बोलणारी लायब्ररी, तिच्या एस्केपिंग करणाऱ्या (मजकुरातली धोक्याची चिन्हं निरुपद्रवी करणाऱ्या) फंक्शनमध्ये होतं, पीएसक्यूएल हा कमांड-लाइन प्रोग्राम तिचं गिऱ्हाईक. म्हणजे सर्व्हर त्याच रात्री अपडेट करून शांत झोपलेल्यांचे अ‍ॅप कंटेनर (अ‍ॅप आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेले डबे) जुन्या लायब्ररीसकट चालूच होते. पायथनमधून पोस्टग्रेसला जोडणारं सायकोपीजी-टू-बायनरी पॅकेज वापरत असाल तर त्याच्या पोटात स्वतःची लिबपीक्यू असते, सर्व्हरवर काहीही करा तिला फरक पडत नाही. रॅपिड७ या सिक्युरिटी कंपनीच्या लोकांना हे भोक सापडलं तेच बियॉन्डट्रस्टची (रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) केस खणताना, अमेरिकेच्या ट्रेझरीत डिसेंबर २०२४ मध्ये जी घुसखोरी उघड झाली ती. त्या हल्ल्याच्या वेळी पोस्टग्रेसचा हा पॅच कोणाकडेच नव्हता, रात्रपाळीसाहेब.

निवांत_नाना
+१. हेच म्हणतोय. पोर्ट बाहेरून बंद असेल तर दोन आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही.

रात्रपाळी_डीबीए
सह्याद्री, लिबपीक्यूचा मुद्दा मान्य, आमच्याकडेही कंटेनरकडे कोणी बघत नाही. पण "पोचू शकतं कोण" हे तुम्हाला आधीच माहीत असतं हे तुम्ही गृहीत धरताय, तिथेच अडतं. वेब अ‍ॅपमध्ये कुठेतरी एक एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसच्या कमांड घुसवता येतील असं भोक) आहे, त्यातून साधा यूजर मिळाला, की "फक्त लॉगिन असलेल्यालाच धोका" हे वाक्य तिथेच मेलं.

आणि नाना, पोर्ट बंद म्हणताय ना, परत स्लॅमरवर येतो, चिडू नका. ओहायोमधला डेव्हिस-बेसी अणुवीज प्रकल्प. फायरवॉल होती, तो पोर्ट अडवलेला होता. वर्म कंत्राटदाराच्या लाइनवरून आत आला, जी फायरवॉलला वळसा घालून जात होती. सेफ्टीचे आकडे दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास बंद. नशीब की प्रकल्प दुरुस्तीसाठी आधीच बंद होता. शिवाय एमएसडीई म्हणून एसक्यूएल सर्व्हरचं छोटं भावंड दुसऱ्याच सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप बसलेलं असायचं, आपल्याकडे डेटाबेस सर्व्हर आहे हेच लोकांना माहीत नव्हतं. कृष्णाकाठताईंच्या व्हेंडरसारखंच.

निवांत_नाना
२००३ च्या फायरवॉलवरून आजचं धोरण ठरवायचं म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. माझ्या टीमला रात्री अडीचला उठवून रोलबॅक (परत जुन्या व्हर्जनवर) करायला लावणारा माणूस कधी सिक्युरिटीचा नसतो, हे मी बघत आलोय. तो सकाळी दहाला मेल बघतो.

सह्याद्री८१
😀 हे मात्र खरं.

रच्याकने, पॅकेज अपडेट करून रीस्टार्ट न केलेले सर्व्हर किती असतील? रिपोर्टवर नवा आकडा, मेमरीत जुनीच बायनरी. सिलेक्ट व्हर्जन ही कमांड मारून बघा एकदा, दोन्ही पार्टीतल्यांनी.

रात्रपाळी_डीबीए
ताई, तुमच्यासाठी: लिसन अ‍ॅड्रेसेसमध्ये (कुठल्या पत्त्यांवर कनेक्शन घ्यायची ती पोस्टग्रेसची सेटिंग) तारा (*, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर) असेल तर काढा, अ‍ॅप त्याच मशीनवर असेल तर लोकलहोस्ट (फक्त हेच मशीन) पुरे. व्हेंडरची रिमोट लाइन कुठून येते ते शोधा, काम नसेल तेव्हा बंद. आणि "अपडेट करू नका" हे त्यांच्याकडून लेखी घ्या, मेलवर. सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ चा आदेश आहे, सायबर हल्ल्याची घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, तेव्हा कोणी काय सांगितलं होतं ते कागदावर हवं.

कृष्णाकाठ
लेखी मागितलं. आज उत्तर आलं: "आपला सर्व्हर सुरक्षित आहे, काळजी नसावी." कुठलं व्हर्जन, कुठला पोर्ट, काही नाही. सही पण नाही खाली. तारा काढला पण, अ‍ॅप चालू आहे. रिमोट लाइनचं विचारलं तर म्हणतात तो माणूस रजेवर आहे, सोमवारी फोन करा.